झेंड्याच्या दोरीची बखर

श्रीगणराय प्रसन्न असोत, आणि दौलतीस पाणी दोन्ही वेळ येवो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, माघ शुद्ध अष्टमीस, सोमवारी, एका दौलतीत झेंड्याच्या दोरीवरून जे राजकारण जाहले त्याची हकीकत जाणत्यांचे मुखे ऐकोन, पदरचे तिखटमीठ बेताने लावोन लिहिली, ती येणेप्रमाणे.

ती दौलत म्हणजे चार मजल्यांची एक इमारत, भोवती तट, तटास एक दरवाजा, दरवाजावर खुर्ची टाकोन बसलेला एक द्वारपाल, आणि आत चोवीस घरे. राजा कोणी नव्हता. पूर्वी बिल्डर म्हणोन एक होता, तो इमारत अर्धी रंगवोन परागंदा जाहला, आणि मग रयतेने ठरविले की आपला कारभार आपणच पाहावा, कोणी थोर नाही, कोणी लहान नाही, सर्व समान. हे तत्त्व सर्वांस इतके मान्य की गाडी कोणाची कोठे लागावी यावरून रोज सर्व समान भांडत, आणि सव्वीस जानेवारी आली की तेच सर्व इस्त्रीचे कपडे करोन झेंड्यापुढे एका रांगेत उभे राहत.

या दौलतीत तिसऱ्या मजल्यावर राजश्री भालचंद्रपंत उकिडवे राहत. पंतांनी कॉलेजात उभी हयात नागरिकशास्त्र शिकविले, आणि निवृत्त जाहल्यावर ते दौलतीस शिकवू लागले. दरसाल झेंडा फडकला की पंत माईक धरीत आणि स्वातंत्र्य, समता, बंधुता यांवर भाषण करीत, आणि रयत जिलबीच्या पातेल्याकडे नजर ठेवोन ते ऐकत असे. परंतु दोरी ओढण्याचा मान पंतांस आजवर लाभला नव्हता. त्या मानाचा शिरस्ता ऐसा की चिटणीस सभेत एक नाव घेत, सर्व टाळ्या वाजवीत, आणि यास सर्वानुमत म्हणत. मागील साली चिटणीस देवरुखकर जिन्यात जाता जाता म्हणाले होते, "पुढच्या वर्षी तुम्हीच हं, पंत." एवढ्या शब्दावर पंतांनी वर्ष काढिले, खादीचे जाकीट शिवविले, आणि न्हाणीघरात टॉवेलाचे टोक ओढोन हिसका किती असावा याचा सरावही केला, ऐसे त्यांचे कुटुंब मंदाकिनीबाई सांगतात.

अशात चैत्रमासी शिवलिंगप्पा हत्तरगे म्हणोन लातूरकडील गुरांचे डॉक्टर दौलतीत भाड्याने राहावयास आले, आणि पंतांच्या पोटात दुखू लागले. आप्पांचा आवाज मोठा आणि हसणे त्याहून मोठे. दौलतीचे एक कुत्रे पंतांस पाहोन वर्षानुवर्षे भुंकत असे, ते आप्पांस पाहोन लोळण घेऊ लागले. मग एके दिवशी लिफ्ट म्हणोन जो पाळणा असतो तो चिटणीसांच्या मातोश्रींस घेऊन मध्येच अडकला, आणि आप्पा बाहेर जिन्यात बसोन त्यांस म्हशींच्या बाळंतपणाच्या गोष्टी सांगत राहिले, आणि मातोश्री बाहेर निघाल्या त्या डोळे पुशीत नव्हे, तर पोट धरोन हसत. दौलतभर आप्पा, आप्पा जाहले. एक दिवस मंदाकिनीबाई सहज बोलोन गेल्या, "आप्पा जिन्यानं जायला लागले की उजेड पडल्यासारखं वाटतं हो."

पंत वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले, "जिन्यातला दिवा मी लावून घेतलाय. तीन अर्ज केले होते."

मग जानेवारीत वाहनतळावर सभा भरली. खुर्च्या मांडिल्या, चहा आला, मंदाकिनीबाई मेथीची जुडी निवडावयास घेऊन बसल्या, आणि चिटणीसांनी घसा साफ करोन म्हटले की यंदाची दोरी ओढण्यासाठी मी नाव सुचवतो. पंतांनी नम्रपणे मान खाली घातली. चिटणीस म्हणाले, "आपल्या सगळ्यांचे लाडके आप्पा." टाळ्यांचा एकच गजर जाहला. स्वतःचे नाव येईल म्हणोन पंतांनी नको नको म्हणावयास हात वर केले होते, ते हवेतच राहिले.

मत्सर हा मोठा विद्वान. तो कधी आपल्या नावाने बोलत नाही, तत्त्वाच्या नावाने बोलतो. पंत उठोन उभे राहिले आणि म्हणाले, "माझा विरोध व्यक्तीला नाही. आप्पा मला धाकट्या भावासारखे आहेत. पण प्रजासत्ताकात मान हा हक्कानं मिळतो, लाडानं नाही. आप्पा आज आहेत, उद्या अकरा महिन्यांचा करार संपला की नाहीत. हे आपल्या इमारतीचे नागरिक म्हणायचे का पाहुणे?"

आप्पा मागे द्वारपालाजवळ उभे होते, ते तेथूनच म्हणाले, "अवो पंत, मला कुटं हौस हाय दोरीची? तुमीच वढा की. मी टाळ्या वाजिवतो."

हे ऐकोन पंतांच्या अंगाची लाही जाहली. आप्पा भांडते तर पंत जिंकते. आप्पांनी देऊन टाकिले, आणि दिलेले घ्यावे तर मान आप्पांचाच राहतो. तेव्हा पंतांनी खणखणीत आवाजात ठराव मांडिला की ज्याच्या नावावर घर, तोच या दौलतीचा नागरिक. दोरी त्यानेच ओढावी, मत त्यानेच द्यावे. आणि बाकी सर्वांनी समारंभी चुन्याच्या फक्कीच्या रेघेपलीकडे उभे राहोन आनंद घ्यावा. रयतेने मनात हिशेब केला की आप्पा गेले तर दोरी मोकळी, आणि मोकळी दोरी आपल्याही हाती येऊ शकते. मग ज्या हातांनी आप्पांस टाळ्या दिल्या त्याच हातांनी ठरावास दिल्या, आणि ठराव मंजूर जाहला.

"छान," चिटणीस म्हणाले. "मग पंत, तुमचं नाव घालतो उमेदवारांत. घर तुमच्याच नावावर ना?"

पंत काही बोलावयाच्या आत मेथीच्या ढिगाऱ्यामागून मंदाकिनीबाई म्हणाल्या, "माझ्या नावावर आहे. बायकोच्या नावानं घेतलं की कर्जाचं व्याज कमी लागतं, असं हेच म्हणाले होते."

सभेत प्रथम कोणी खोकले, मग कोणी हसले, आणि मग सर्वच हसले. पंत म्हणाले, "अगं, पण ती तांत्रिक बाब आहे." चिटणीस अत्यंत खेदपूर्वक म्हणाले, "पंत, ठराव तुमचाच." आणि दौलतीचे नागरिकशास्त्र ज्यांनी शिकविले ते त्या क्षणी दौलतीचे पाहुणे जाहले.

पुढे उमेदवार चोवीस जाहले, कारण घरेच चोवीस. मग चिठ्ठ्या करोन गुप्त मतदान ठरले, आणि कुकरच्या डब्यात चिठ्ठ्या पडल्या, आणि चिटणीस एकेक उघडोन वाचू लागले. प्रत्येक नावास एक मत. प्रत्येक नागरिकाने दौलतीचे हित पाहोन, फार विचार करोन, स्वतःचेच नाव लिहिले होते. एकट्या तळमजल्यावरील शेवंताबाई पेंढारकर, ज्यांस गुडघ्यांमुळे उभे राहवत नसे, त्यांनी स्वतःचे न लिहिता मंदाकिनीबाईंचे लिहिले, कारण आजारपणात पेज तेवढी त्यांच्याच घरून येत असे. येणेकरून मंदाकिनीबाईंस दोन मते पडली, आणि त्या दणदणीत बहुमताने विजयी जाहल्या.

घरी येताच पंतांनी विचारले, "तू कुणाला दिलंस मत?"

"मला."

"स्वतःच स्वतःला?"

"बारा वर्षं भाषण ऐकतेय तुमचं. समान संधी म्हणता ना?"

"मला निदान विचारायचंस."

"गुप्त मतदान होतं," मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि मेथी धुवावयास गेल्या.

मग तो सुदिन उगवला. पंतांनी जाकीट घातले, कारण शिवलेले होते. अंगणात फक्कीची पांढरी रेघ मारिली होती. अलीकडे चोवीस नागरिक, आणि पलीकडे भाडेकरू, द्वारपाल, धुणेभांड्याच्या बाया, नागरिकांची मुले, सुना, आणि पंत. आप्पांनी लांबूनच हाक मारिली, "या की पंत, हितं या, ऊन हाय हितं," आणि स्वतः सरकोन जागा दिली. थंडी कडक होती, सबब पंत उन्हात उभे राहिले; परंतु ते ऊनही आप्पांनी दिलेले, हे त्यांच्या मनातून जाईना. मंदाकिनीबाईंनी पदराचा काठ नीट करोन दोरीस एकच हिसका दिला, तो असा की गाठ सुटली, झेंडा उघडला, आणि पाकळ्या खाली आल्या. पंतांचा हात कपाळाशी गेला आणि ऊर भरोन आला. परंतु न्हाणीघरात आपल्यास इतका सफाईदार हिसका कधी साधला नव्हता, हेही त्याच उरात आले, आणि दोहोंतील कोणते अधिक याचा निवाडा त्यांस करिता येईना. राष्ट्रगीत जाहले. आप्पांचा आवाज साऱ्यांहून वर गेला, म्हणोन पंतांनी आपला आवाज चढविला, आणि तो शेवटास फाटला.

मग भाषणाची वेळ आली. माईकची वायर रेघेपर्यंत पोचेना आणि पंतांस रेघ ओलांडता येईना, म्हणोन पंतांनी बिनमाईकचेच भाषण केले. अलीकडील नागरिकांस काही ऐकू गेले नाही. पलीकडील बायांनी मात्र बंधुता हा शब्द प्रथमच इतक्या जवळून ऐकिला आणि त्या पंतांकडे कुतूहलाने पाहू लागल्या. ते पाहोन मंदाकिनीबाईंनी माईक हाती घेतला.

"अहो, ऐकता का? रेघ तुमच्याच ठरावाची आहे. तुम्ही हो म्हणालात तर आत्ता झाडूनं पुसते. चिटणीस, चालेल ना?"

चिटणीस पेचात पडले. म्हणाले, "पंतच मागे घेत असतील तर... पुढच्या वर्षी मग सगळ्यांचीच नावं."

सर्व दौलत पंतांकडे पाहू लागली. एका शब्दाचे काम होते. हो म्हणावे, तर पंत पुन्हा नागरिक, पुन्हा उमेदवार, पुन्हा माईक, आणि कदाचित दोरी. पंतांनी तोंड उघडले देखील. इतक्यात वाऱ्याने एक पाकळी उडाली आणि रेघ ओलांडोन पलीकडे आली, ती नेमकी आप्पांच्या खांद्यावर बसली, आणि शेजारची एक बाई म्हणाली, "आप्पा, तुमाला मान मिळाला बगा." आप्पा गडगडाटी हसले, आणि त्यांबरोबर सारे हसले. पंतांस पुढील साल डोळ्यांपुढे स्वच्छ दिसले: रेघ पुसलेली, सभा भरलेली, चिटणीस घसा साफ करीत आहेत, आणि टाळ्या.

"राहू द्या," पंत म्हणाले. "रेघ राहू द्या. तत्त्वाचा प्रश्न आहे."

त्यासमयी चोवीसांपैकी तेवीस नागरिकांनी कडकडोन टाळ्या वाजविल्या. त्या दौलतीत पंतांस मनापासून मिळालेली पहिली टाळी ती हीच. मंदाकिनीबाईंनी मात्र माईक खाली ठेविला, जिलबीचे ताट उचलिले, आणि पायाने फक्की विसकटीत रेघेपलीकडे येऊन त्या वाढू लागल्या. द्वारपालास वाढिली, बायांस वाढिली, आप्पांस दोन वाढिल्या. पंतांनी दोन्ही मोजल्या. मग बाई पंतांपुढे आल्या, ताट पुढे धरिले आणि म्हणाल्या, "घ्या. आपल्या हातानं घ्या, कुणी दिली असं नको वाटायला," आणि पंतांनी एक घेतली.

येणेप्रमाणे दोरीचे राजकारण समाप्त. एकंदरीत पाहता त्या दौलतीत राजा नाही तो नाहीच. त्याची जागा रिकामी आहे, आणि ती शेजाऱ्यास मिळू नये एवढ्यापुरती सर्व रयत एकदिलाने नांदते. बंधुता म्हणतात ती हीच असावी, ऐसे समजोन लेखणी ठेविली.