माणसांच्या चतुःसीमा

चिनू आणि ओंकार,

गेल्या रविवारी व्हिडिओवर बोलताना चिनूने कॉम्प्युटरवर तिच्या कॉलेजातलं काम दाखवलं. पडद्यावर एकच मुलगी चार वेळा उभी होती: समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पाठमोरी. शेजारी रंगांचे लहान चौकोन. "आजी, गोष्टीतलं माणूस आधी असं सगळीकडून ठरवून घ्यावं लागतं," असं तिने मला समजावलं आणि विचारलं, "आपल्या घरात कुणी चित्रं काढायचं का गं?"

मी म्हणाले, "नाही बाई." आणि लगेच ओंकारला परीक्षेचं विचारलं.

ते खोटं होतं. त्या खोट्यामागे आणखी एक जुनं खोटं आहे. माझी पंचाहत्तरी झाली. मुलींच्या वह्या तपासण्यात माझा जन्म गेला. स्वतःची चूक तशीच ठेवून जाणं मला बरं वाटत नाही. म्हणून लिहिते.

तुमचे दत्ताआजोबा, म्हणजे माझे धाकटे दीर, कुणालाही भेटले की बोलण्याआधी त्या माणसाभोवती एक फेरी मारत. हात पाठीमागे बांधलेले, मान किंचित तिरकी, पावलं सावकाश. पूर्ण फेरी झाली की समोर येऊन म्हणत, "हं. चतुःसीमा घेतल्या. आता बोला."

चौतीस वर्षं त्यांनी मोजणी खात्यात नोकरी केली. शेताला आधी सगळीकडून फेरी मारायची, पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, ते लिहून घ्यायचं आणि मग साखळी टाकायची, ही तिथली रीत. भाऊजींनी ती माणसांना लावली. "वहिनी, माणूस समोरून बोलतो ते सांगायचं ठरवून. पाठीला काय तसं ठरवता येत न्हाई," असं त्यांचं म्हणणं.

एकदा तुमच्या आजोबांबरोबर ते घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गेले. गाय घ्यायची होती. भाऊजींनी गाईभोवती फेरी मारली, याचं तिथे कुणालाच काही वाटलं नाही. मग ते विकणाऱ्याभोवती फिरायला लागले. तो गरगर मान वळवत म्हणाला, "ओ तात्या, गाय तिकडं हाय!"

"गाईचं झालं," भाऊजी म्हणाले. "आता तुमचं."

गाय घेतली नाही. माणूस मागून बरोबर वाटला नाही म्हणे. बँकेत तर कॅशियरला फेरी मारता येईना, म्हणून हे मागच्या दाराने आत शिरले आणि शिपायाने यांना दंडाला धरून बाहेर आणलं. आजोबा आठ दिवस त्या रस्त्याने गेले नाहीत. भाऊजींना त्यात लाजण्यासारखं काही दिसलंच नाही. लाज वाटायची ती आम्हाला, आणि सगळ्यांत जास्त मला. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवलेली बाई. पारनेरात लोक मला बघून सायकलवरून उतरत.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही. निवृत्त झाल्यावर एक ट्रंक घेऊन ते आमच्या वरच्या खोलीत राहायला आले. त्याच खोलीत तुमच्या बाबांनी परदेशी जाताना ठेवलेला कॉम्प्युटर होता. बाबांनी लिहून दिलेल्या सूचना वाचून मी तो चालवायला शिकले होते. रोज चारला कापड काढायचं, अर्धा तास सराव, पुन्हा कापड. तिसऱ्या दिवशी भाऊजी कॉम्प्युटरभोवती फेरी मारून आले. टेबल भिंतीला लागून होतं, तेही त्यांनी त्यासाठी पुढे ओढलं होतं.

"वहिनी, ह्याच्यात माणूस काढता यील का?"

"माणूस? तुम्ही आयुष्यभर नकाशे काढलेत."

"म्हणून तर. भांडणं समदी माणसांची, आन नकाशात माणूस न्हाई."

मी शिकवायला बसले. इंग्रजी त्यांनी मॅट्रिकलाच सोडलेलं, म्हणून प्रत्येक आज्ञेचा उच्चार आणि अर्थ मी कार्डांवर देवनागरीत लिहून दिला. 'सेव्ह'ला त्यांनी कधीच सेव्ह म्हटलं नाही. ते म्हणत, "नोंद केली." वीज केव्हाही जायची, म्हणून दर पाच मिनिटांनी वरून आवाज यायचा, "नोंद केलीऽ!" पहिल्या दिवशी माऊस सरकवत सरकवत त्यांनी टेबलाच्या कडेपर्यंत नेला आणि थांबले. "हितं हद्द संपली. आता?" उचलून परत मागे ठेवायचा असतो, हे कळल्यावर त्यांना फार मजा वाटली. "अशी सोय आपल्या खात्यात पायजे हुती."

चित्र मोठं करून बघितलं की ते बारीक चौकोनांचं दिसतं. ते बघून भाऊजी खुर्चीत ताठ बसले. पुढचे आठ महिने ते एकेक चौकोन भरून माणसं काढत होते. रंग ओतायचा एक डबा असतो. आकृतीची रेघ पुरी बंद असेल तर रंग आत राहतो, एक ठिपका जरी उघडा राहिला तरी सगळा कागद रंगतो. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा भाऊजी एवढ्या मोठ्याने ओरडले, "बांध फुटला! वहिनी, बांध फुटला!" की शेजारच्या सुशीलाकाकू हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या. वर येऊन बघतात तर पडदाभर हिरवं आणि भाऊजी भिंगाने ती एक फट शोधताहेत.

कातडीच्या रंगाने त्यांना फार छळलं. पहिला माणूस संत्र्याच्या गोळीसारखा नारिंगी झाला. "ह्या डबीत गुलाबी हाय, पिवळा हाय. पारनेरचा माणूस कुठं हाय?" मग रंग कालवायची खिडकी आम्ही शोधून काढली. ते पडद्याला मडक्याचा तुकडा लावून बघत, स्वतःचं मनगट लावून बघत. मला हाक मारत, "वहिनी, जरा हात धरा हितं." मी पोळ्या टाकून वर जायची, काचेला मनगट टेकवायची. ते रंग थोडा पुढे, थोडा मागे करत राहायचे.

एकेक माणूस असा तयार होई. चार बाजूंनी चार आकृत्या, कडेला त्याचे रंग, आणि खाली माऊसने गिरवलेल्या वाकड्या अक्षरांत चतुःसीमा. दूधवाल्या रामभाऊंच्या खाली होतं: पूर्वेस म्हैस, पश्चिमेस सायकल, उत्तरेस वहिनींचं पातेलं, दक्षिणेस मोकळी जागा, पळायला. तुमच्या आजोबांच्या खाली: पूर्वेस वर्तमानपत्र, पश्चिमेस अडकित्ता, उत्तरेस वहिनी, दक्षिणेस पण वहिनी. मी हसून हसून बेजार झाले. "हे सगळं कशासाठी?" विचारलं, तर म्हणाले, "काम हाय एक."

इथपर्यंतचं लिहिणं सोपं होतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या शाळेतल्या तिघी मैत्रिणी आल्या. घरात कॉम्प्युटर असलेलं पारनेरात तेव्हा आमचं एकच घर असावं, आणि तो मला दाखवायचा होता. मी त्यांना वर नेलं. भाऊजींनी उठून खुर्ची दिली आणि बाजूला उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. त्यांना आनंद झाला होता. पहिल्यांदाच कुणी त्यांची चित्रं बघायला आलं होतं.

नावांच्या यादीत 'वहिनी' असं एक नाव होतं. मी ते आधी पाहिलं नव्हतं. मी ते उघडलं.

मी होते. समोरून चष्मा, जांभळी हातमागाची साडी. बाजूने माझं नाक, मला आवडत नाही तसंच. पाठमोरी मी: अंबाड्यातून निसटलेली बट, कमरेची वळी, पोलक्याच्या खाली दिसणारी, सगळ्या बायकांची दिसते तशी. एक चौकोनही खोटा नव्हता.

"अगंबाई!" देशमुखबाई म्हणाल्या. "तुमच्या भाऊजींनी तुम्हाला चारी बाजूंनी मोजलंय की हो!"

"आमचे दीर तर वर मान करून बघत नाहीत," दुसरी म्हणाली, आणि तिघी तोंडाला पदर लावून हसल्या.

त्या वाईट बायका नव्हत्या. थट्टा होती, खाली जाईपर्यंत विरली असती. पण माझे कान तापले. मी भाऊजींकडे वळून, वर्गात बोलावं तशा स्पष्ट आवाजात म्हणाले, "भाऊजी, स्वतःचं माणूस नसलं की माणूस असा दुसऱ्यांची माणसं न्याहाळत बसतो. शोभत नाही हे."

कुणी हसलं नाही. भाऊजी म्हणाले, "व्हय वहिनी. बरोबर हाय." मग ते खाली गेले, तिळगुळाची वाटी घेऊन वर आले आणि तिघींना एकेक करून तिळगूळ दिला. समोरूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी निवडत होते. ते येऊन दारात उभे राहिले. "पुसलं, वहिनी. त्या पडद्यावरच्या कचऱ्याच्या टोपलीतनं पण काढून टाकलं. तुम्ही शिकवलं हुतं तसं."

"माझं ना?"

"समदी."

"अहो, सगळी कशाला? बाकीच्यांनी काय केलं होतं?"

"जमिनीचा एक गट रद्द झाला तर शेजारच्याची हद्द कुठनं धरायची?" ते माझ्यावर रागावलेले नव्हते, कामाचं सांगावं तसं सांगत होते. "समद्यांच्या एका बाजूला तुमीच हुता."

मी मान खाली घालून मेथी निवडत राहिले. आठ महिन्यांचं काम होतं.

तीन आठवड्यांनी तुमच्या बाबांचा फोन आला. "आई, काका चित्रांची फ्लॉपी पाठवणार होते, ती निघाली का? चिनू रोज विचारते, दत्ताआजोबांची माणसं कधी येणार."

मी विचारलं, कसली माणसं.

चिनू, तुला आठवत नसेल. आदल्या उन्हाळ्यात तुम्ही आलात तेव्हा आम्ही नगरच्या एसटी स्टँडवर घ्यायला आलो होतो. तू चार वर्षांची. तू धावत जाऊन एका परक्या बाईला मागून मिठी मारलीस, कारण तिची साडी फोटोतल्या माझ्या साडीसारखी होती. मग खरी मी पुढे झाले, तर तू माझ्याकडे यायला तयार होईनास. सगळे हसले. मीही हसले. घरी येताना जीपमध्ये मी खिडकीबाहेर बघत होते. ते भाऊजींनी बघितलेलं असणार.

बाबा फोनवर सांगत होते, "काका म्हणाले, फोटोत माणूस समोरूनच असतं. पोरीला पाठमोरी माणसं पण ओळखता आली पाहिजेत. पुढच्या वेळी चुकायला नको."

मी बाबांना सांगितलं, "फ्लॉपी खराब झाली रे."

तेच ते जुनं खोटं. चिनू, फ्लॉपी खराब झाली नव्हती.

त्या दिवशी मी चहा घेऊन वर गेले. भाऊजी छत्रीच्या काड्या दुरुस्त करत होते. कॉम्प्युटरवर कापड होतं, कोपरे नीट खोचलेले. मी म्हणाले, "चिनू विचारत होती."

"काय सांगितलं?"

"फ्लॉपी खराब झाली म्हणून."

"बरं केलं," ते म्हणाले. "पोरांला काय कळतंय."

माफी मागायला मी वर गेले होते. चहात साखर बरोबर आहे का, एवढं विचारून खाली आले. नंतर दोनदा म्हणून पाहिलं, "भाऊजी, परत सुरू करा ना. मी बसते हात धरून." ते म्हणाले, "डोळं दमत्यात, वहिनी." त्यांचे डोळे माझ्यापेक्षा चांगले होते. शेवटपर्यंत सुईत दोरा तेच ओवून देत.

त्यानंतर त्यांनी कुणाभोवती फेरी मारली नाही. सरळ समोर येऊन बोलायचे. गावाला वाटलं, दत्तूतात्या सुधारले. आजोबांनासुद्धा हायसं वाटलं. ते त्यांना बरोबर घेऊन बँकेत जाऊ लागले. फक्त दूधवाले रामभाऊ एकदा मला हळूच म्हणाले, "बाई, तात्यास्नी बरं न्हाई का? आल्या आल्या बोलायलाच लागत्यात." मी म्हणाले, ठीक आहेत. आणि पातेलं पुढे केलं.

सहा वर्षांनी ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. तुम्ही तेव्हा येऊ शकला नव्हतात.

त्यांची ट्रंक मी आवरली. दोन धोतरं, छत्री, पेन्शनचे कागद आणि मोजणीची एक लांबट वही. पडद्यावरचं त्यांनी पुसलं होतं. वही पुसली नव्हती. प्रत्येक पानावर एक माणूस आहे. चित्र नाही, फक्त शब्द आणि त्या माणसाच्या रंगांचे आकडे, तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. त्यांचं स्वतःचं पान कुठेच नाही. मी दोनदा शोधलं.

माझ्या पानावर लिहिलं आहे: 'वहिनी. पाठ ताठ. पोरांचं पत्र वाचताना वाकते. वळण्याच्या आधी चष्मा सारखा करते, तवा हाक मारू नये, जरा थांबावे, आपोआप वळते. चिनूस सांगणे.' त्याखाली मनगटाचा रंग: तांबडा १७४, हिरवा १२१, निळा ८६.

हे आकडे तुझ्या कॉम्प्युटरलाही समजतील, असं मला वाटतं. वही मी टपालाने पाठवत नाही. ती माझ्या कपाटात दुसऱ्या कप्प्यात आहे. तीस पानं आहेत. शाई फिकट झाली आहे, पण आकडे वाचता येतात.