सकाळचं पहिलं गिऱ्हाईक

आमचे शेटेसाहेब सकाळी पहिलं जो कोणी जे काही मागेल, त्याला नाही म्हणत नाहीत. रजा मागा, बढती मागा, त्यांच्या डब्यातलं थालीपीठ मागा. एकदा ते झालं की मग दिवसभर प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी नकार.

याचं कारण विचारायची चूक मी इथे परदेशात चांगी बिझनेस पार्कात रुजू झालो त्याच दिवशी केली. दीड तास गेला. शेट्यांचे खापरपणजोबा बाळाशेट यांचं सव्वाशे वर्षांपूर्वी देवरुखच्या पुढे एका खेड्यात दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. मीठ, गूळ, तंबाखू, खोबरेल. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी, आणि भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, हा बाळाशेटांचा बाणा. दुकानात नसेल ते घरातून काढून द्यायचे. एकदा म्हणे कुणी सक्काळी सक्काळी पाळणा मागितला. बाळाशेटांनी स्वतःचं पोर उचलून घोंगडीवर ठेवलं आणि पाळणा देऊन टाकला. ते पोर म्हणजे साहेबांचे पणजोबा. त्यांचं मत कुणी विचारलं नाही.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या घराला अकरा खोल्या होत्या. पुढच्या गणपतीत चौदा झाल्या, त्याच्या पुढच्या वर्षी माडी चढली. पासिर रिसच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बसून हा माणूस दरवर्षी गावचं बांधकाम वाढवत होता.

शाळेच्या दिवसांत भवानी त्यांची मुलगी सई पटकवायची. "पप्पा, फर्स्ट कस्टमर लाह!" असं इथल्या हेलात म्हणायची आणि हवं ते घेऊन जायची. शाळेला सुट्टी लागली की ती उशिरापर्यंत झोपायची आणि आमची चांदी. आख्खी टीम साडेसातला ऑफिसात हजर. वरच्या साहेबांना वाटायचं, काय शिस्त लावलीय शेट्यांनी! मी स्वतः या मार्गाने तीनदा रजा उकळली आहे. लाज वाटते, पण रजा छान गेल्या.

त्या डिसेंबरात वहिनी आणि सई पुण्याला गेल्या होत्या. एका सकाळी सहाला माझी बेल वाजली. शेटेसाहेब आमच्याच ब्लॉकमध्ये दोन मजले वर राहतात. दारात तेच उभे, अंघोळ केलेले, कपाळाला गंध आणि चेहरा पार उतरलेला.

"मनोज, माझ्याकडे काहीतरी माग," ते म्हणाले. "पटकन माग."

आत घेऊन बसवलं तेव्हा कळलं. गावच्या चुलतभावाला ते घर पाडून तिथे रिसॉर्ट काढायचं होतं. साहेबांची सही तेवढी राहिली होती. दोन महिने हे नाही म्हणत होते. आदल्या दिवशी बोलण्याच्या भरात यांनीच त्याला बाळाशेटांचा नियम मोठ्या अभिमानाने ऐकवला. भाऊ बेरकी. मग उद्या तुमच्या साडेसहाला फोन करतो, म्हणाला. तिकडे तेव्हा पहाटेचे चार, पण जमिनीसाठी माणूस उठतो.

मी म्हटलं, फोन उचलू नका. तर म्हणाले, गिऱ्हाईक समोर दिसतंय आणि आपण दुकानाला फळ्या लावायच्या? बाळाशेटांनी कधी लावल्या नाहीत.

वाटीभर साखर मागितली असती तरी काम भागलं असतं. पण इतकी वर्षं ऐकून माझेही कान किटले होते. मी म्हटलं, "मला ते घर दाखवा. तुम्ही स्वतः घेऊन चला."



"मी पाहिलेलं नाही रे," ते म्हणाले. "वडील भांडून बाहेर पडले, ते परत गेलेच नाहीत. मी डोंबिवलीत वाढलो. नोकरी लागल्यावर दोनदा देवरुखपर्यंत गेलो आणि माघारी फिरलो. गेलो आणि दोनच खोल्या निघाल्या तर?"

या माणसाची मी ऑफिसभर टिंगल केली होती. त्या क्षणी मला स्वतःची फार शरम वाटली.

साडेसहाला त्यांच्या हातातला मोबाइल वाजला. त्यांनी उचलला. पलीकडचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आजची भवानी झाली," ते म्हणाले. "सही मिळणार नाही. गिऱ्हाइकाला घर बघायचंय, त्याला घेऊन मी येतोय."

फोन ठेवता ठेवता थांबले आणि हळूच म्हणाले, "आणि हे बघ, खोल्या किती आहेत ते आत्ता सांगू नकोस."