सी-११४ चा रक्तदाब

मंगळवारी सकाळी कारखान्याच्या दवाखान्यात औषधाच्या खिडकीपाशी सतरा माणसं रांगेत उभी असताना कंपाउंडर नरहर आतून ओरडला, "सुधाकरराव, तुमची बीपीची गोळी आली बरं का! दोन महिन्यांची घेऊनच टाका."

सुधाकर वेलणकर नोकरीने फोरमन होते. पण भोपाळच्या त्या टाऊनशिपमध्ये त्यांना मान होता तो योगवर्गामुळे. रोज सकाळी सहाला ते चाळीस जणांना आसनं शिकवत आणि सगळे शवासनात डोळे मिटून पडले की सांगत, "बावीस वर्षांत एक गोळी घेतलेली नाही." गोळी ते आठ वर्षं घेत होते.

आता वर्ग मोडणार या धास्तीने त्यांनी दुपारीच तक्रार दिली. रुग्णाची माहिती फोडणाऱ्याला शिक्षा, असं परिपत्रक नुकतंच निघालं होतं. प्रशासन अधिकारी बोकारे यांनी ते दोनदा वाचलं.

"साहेब, सस्पेंड करा त्याला."

"करू ना. आधी सांगा, तुम्हाला बीपी आहे?"

"छे! मुळीच नाही."

"मग नरहरने माहिती फोडलीच नाही. तो खोटं बोलला. खोटं बोलायला यात सजा नाही."

सुधाकररावांनी रुमाल काढला. "आणि समजा, असलं तर?"

"तर केस पक्की. फक्त डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा. तीन कॉपी."

"जाऊ द्या ना," घरी पत्नी शोभाताई म्हणाल्या. "मंगळवार म्हणजे कानाच्या डॉक्टरांचा वार. रांगेतल्या निम्म्यांना ऐकूच आलं नसेल."

"प्रश्न तत्त्वाचा आहे!"

"प्रश्न बीपीचा आहे. ओरडू नका."

सर्टिफिकेट जोडलं गेलं. सतराही साक्षीदारांना बोलावण्यात आलं. ज्यांनी ऐकलं नव्हतं, त्यांना नरहरचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवून, 'हे आपण ऐकलं का?' असं विचारण्यात आलं. आता सर्वांनी ऐकलं होतं.

पंधरा दिवसांनी आदेश सगळ्या नोटीस बोर्डांवर लागला. 'रुग्णाचे नाव गोपनीय ठेवण्यात येत आहे. क्वार्टर सी-११४ मधील कुटुंबप्रमुखाच्या उच्च रक्तदाबाची माहिती उघड केल्याबद्दल कंपाउंडरची एक वेतनवाढ रोखण्यात येत आहे.' टाऊनशिपमध्ये लोक एकमेकांना क्वार्टरच्या नंबरानेच ओळखत. हळदीकुंकवाची यादीसुद्धा नंबरांचीच असे.

दुसऱ्या दिवशी वर्ग स्वतःच बंद करावा, म्हणून सुधाकरराव मैदानावर गेले. तिथे सत्तर माणसं होती. आदेशाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. आसनं संपल्यावर मात्र एकेक जण हळूच जवळ येऊ लागला. आधी वर्गातला दिगंबर आला आणि कानात काहीतरी सांगून गेला. मग लेखा विभागातल्या मालतीबाई आल्या.

"सर, कोणाला बोलू नका हं. माझी शुगर तीनशेच्या खाली येतच नाहीये. तुम्ही आता आपल्यातलेच, म्हणून सांगते."

सुधाकररावांना भरून आलं. आठ वर्षांत इतकं हलकं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"घाबरता काय, मालतीबाई!" सत्तर जणांना सूचना देणाऱ्या त्याच खणखणीत आवाजात ते म्हणाले. "त्या दिगंबरची तर साडेचारशे आहे."

दिगंबर दोन सतरंज्या पलीकडे चपला शोधत होता.