मेश्रामकाकांचा शेवटचा पायलट

मुलांनो, आखातातल्या आमच्या या इमारतीत लिफ्टचं बटण दाबण्याआधी मेश्रामकाकांना उत्तर द्यावं लागतं. त्यांचं दार लिफ्टच्या समोर आहे आणि ते उघडंच असतं.

"कुठी जाऊन राहिले?"

"मीना सलमान बंदरावर, वर्कशॉपला," तुमचे आजोबा म्हणतात. ते अजून अर्धा दिवस कामाला जातात.

"कोणत्या रस्त्याने?"

"नेहमीच्या."

"नेहमीचा असा रस्ता नसते जी. पूल सांगा. मुहर्रक बेटावरून तीन पूल निघतात."

आजोबा पूल सांगतात.

"पार्किंग नाही भेटली तर?"

"फिरत राहीन."

"पेट्रोल किती आहे?"

इथे आजोबा "यल्ला, निघतो, मेश्राम!" म्हणून लिफ्टमध्ये शिरतात. दार बंद होता होता काकांचा आवाज येतो, "पोचून सांगा!"

ईशान, मीरा, मागच्या हिवाळ्यात तुम्ही आला होतात तेव्हा तुमचीही सुटका झाली नव्हती. मीरा कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानातून, आइस्क्रीम आणायला निघाली होती. "जस्ट डाउनस्टेअर्स, अंकल!" असं तिने सांगितलं. काका गंभीरपणे म्हणाले, "खालचा कोल्ड स्टोअर बंद असला तर दुसरा कोणता?" मीराने विचार करून मशिदीजवळचा सांगितला, तेव्हा कुठे तिला परवानगी मिळाली. परत आल्यावर तिने स्वतःहून त्यांचं दार वाजवलं आणि "आय हॅव लँडेड," म्हणाली. त्या दिवसापासून सगळ्या इमारतीत शहाणी म्हणून तिचंच नाव घेतलं जातं.

हे वेड आलं कुठून ते सांगते. काका मूळ नागपूरचे. आधी तिथल्या विमानतळावर आणि मग इथे, जन्मभर त्यांनी एकच काम केलं. ते ब्रीफिंग ऑफिसर. पूर्वी विमान उडण्याआधी पायलट त्यांच्या काउंटरवर येत असे. कुठे जाणार, कोणत्या मार्गाने, कधी पोचणार, तिथे उतरता आलं नाही तर दुसरीकडे कुठे, इंधन किती, हे सगळं लिहून देत असे. काका त्याला वाटेतलं हवामान सांगत. कुठे धूळ आहे, कुठे धुकं आहे, कुठली धावपट्टी दुरुस्तीला काढली आहे. विमान पोचल्याची खबर आली की तो प्लॅन बंद करायचा. खबर नाही आली, तर शोध सुरू करायचा.

या शोधाच्या तीन पायऱ्या असतात. आधी शंका, मग सावधगिरी, मग संकट. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी स्वतः त्या चढले आहे.

रिफाला माझ्या मैत्रिणीकडे, सुधाकडे, हळदीकुंकू होतं. "पाचपर्यंत पोचेन," असं मी काकांना सांगून निघाले. पोचले वेळेवर, पण फोन पर्समध्ये आणि पर्स आतल्या खोलीत. तिकडे काकांच्या लेखी मी शंकेत गेले. काकांनी आजोबांना फोन केला. आजोबा म्हणाले, "बायका आहेत, बोलत बसल्या असतील." हे उत्तर काकांच्या नियमात बसत नव्हतं. मी सावधगिरीत गेले. सुधाच्या यजमानांचा फोन लागेना. मग काकांनी तिच्या गल्लीतल्या कोल्ड स्टोअरचा नंबर कुठूनसा मिळवला. सुधा उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायच्या बेतात असताना दारात मल्याळी दुकानदार उभा राहिला. हातात फोन. "मॅडम, मुहर्रक से पूछ रहे हैं, आप लँड हो गए क्या?"

वीस बायका हसत होत्या. मी फोन घेतला.

"काका, हे काय!"

"तुम्ही संकटात होत्या, वहिनी."

"मी हळदीकुंकवात होते!"

"हाव. पण मले कोणी सांगितलं?" मग म्हणाले, "बरं, आता खलास. बंद केला तुमचा प्लॅन. मजा करा."

त्यांचं म्हणणं एवढंच, की सांगून गेलेला माणूस हरवत नाही. त्यांची बायको शीला होती तेव्हा ती हसून म्हणायची, "यांना संसार नाही, विमानतळ पाहिजे." ती जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. बुद्धपौर्णिमेला ते एकटे पातेलंभर खीर करतात आणि सगळ्या मजल्यांवर वाटतात.

या वर्षी काउंटर बंद व्हायचं ठरलं. त्यात कोणाचा दोष नव्हता. आता पायलटांना सगळं टॅबलेटवर मिळतं, प्लॅनही तिथूनच जातो. काकांची निवृत्तीही जवळ आली होती. पण शेवटच्या दोन महिन्यांत त्यांच्याकडे एकही पायलट फिरकला नव्हता. ते रोज इस्त्रीचा युनिफॉर्म घालून जायचे, भिंतीवर नकाशे लावायचे आणि संध्याकाळी ते काढून घरी यायचे.

एकदा चहा पिताना म्हणाले, "एक शेवटचा पायलट यावा, वहिनी. नीट ब्रीफ करीन अन् मग कुलूप लावीन. काउंटर असं रिकामं रिकामं बंद होऊ नये."

आमच्या वरच्या मजल्यावर नोएल राहतो. गोव्याचा आहे, मालवाहू विमान चालवतो. मी त्याला लिफ्टमध्ये गाठलं. तो अलीकडे फार गप्प असायचा. मला वाटलं, शिफ्टचा थकवा असेल.

"नोएल, परवा दुपारी तुझी फ्लाइट आहे ना? त्याआधी मेश्रामकाकांच्या काउंटरवर जा."

"आंटी, सगळं टॅबलेटवर येतं."

"माहीत आहे. तरी जा. त्यांचा शेवटचा दिवस आहे. आणि मी पाठवलं म्हणून सांगू नकोस."

काकांच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी थालीपीठं लावून काकांची वाट पाहत बसले. ते आले, खुर्चीत टेकले. मी साळसूदपणे विचारलं, "मग, आला का कोणी?"

"हाव. तुमचा नोएल आला होता."

'तुमचा' म्हणाले तेव्हाच कळलं, चोरी पकडली गेली.

"मग? झालं ना नीट ब्रीफिंग?"

"नाही झालं."

मी तव्याखालचा गॅस बंद केला.

"टॅबलेट बाजूला ठेवून म्हणे, अंकल, तुम्ही सांगा. मी सुरू केलं. वारा सांगितला, म्हणे येस. धूळ सांगितली, म्हणे येस. मी मुद्दाम विचारलं, विमान पाण्यावर उतरवशील का समुद्रात, तरी म्हणे येस."

"अगंबाई! मग?"

"मग मी नकाशा गुंडाळला. म्हटलं, बेटा, घरी काय झालं? तर रडाले लागला. आई गेली त्याची. दोन दिवस गावाला जाऊन आला अन् सरळ ड्यूटीवर. कोणालाच बोलला नाही."

"अरे देवा."

"मी म्हटलं, आज तू उडू नको. फोन कर, सांग की मी आज फिट नाही. तो म्हणे, पण अंकल, आज तुमचा शेवटचा दिवस, आंटींनी सांगितलंय. मी म्हटलं, दिवस गेला खड्ड्यात. कर फोन." काकांनी चष्मा काढून पुसला. "त्याच्या जागी दुसरा पायलट आला. त्याचं सगळं टॅबलेटवर. तो काउंटरकडे आलाच नाही. मी कुलूप लावलं."

मी विचारलं, "पण तुम्हाला कळलं कसं?"

"शीला गेली तवा मीही असाच लगेच ड्यूटीवर गेलो होतो. दिवसभर येस सर, येस सर करून राहिलो. सगळे म्हणे, मेश्राम मोठा धीराचा." ते थोडं हसले. "घरी येऊन पाहतो तर दोन वेगवेगळे बूट घालून गेलो होतो."

मी ताट वाढायला घेतलं. त्यांनी हात आडवा केला.

"नका वाढू. दोन थालीपीठं बांधून द्या फक्त. तो माझ्याकडे झोपून आहे. एकट्या घरात नको म्हटलं."

मी दोघांपुरती बांधली, वर लोणी ठेवलं. डबा घेऊन ते निघाले आणि जाताना आमचं दार त्यांनी अगदी हळू ओढून घेतलं, जणू तो मुलगा आमच्याच घरात झोपला होता.