डालग्याखालची बँक

अकराव्या वेळीही मशीनवर लाल दिवा लागला. मशीनवाले मोहिते टक्कल पुसत म्हणाले, "आज्जी, तुमचा अंगठा काही येत नाही. हयातीच्या नोंदीचा आज शेवटचा दिवस. नोंद झाली नाही तर तुम्ही हयात नाही असं धरतात. पगार बंद होईल."

पगार म्हणजे निराधार बायकांना सरकार देतं तो. आमच्या वाडीत तो माझ्यासकट अकराजणींना आहे. दहाजणींचे अंगठे उमटले होते. राहिल्या होत्या एकट्या अनुसयावन्सं.

"मी तुमच्या म्होरं बसलीय," वन्सं म्हणाल्या. "आन मी हाय का न्हाई, हे तुमी अंगठ्याला इचारताय?"

"मी काय करू? मशीन मानत नाही."

"न्हाई ना मानत? मग ऱ्हाऊ द्या त्याला हितंच."

देवळाच्या भिंतीशी कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं पडलं होतं. वन्संनी मशीन उचललं, जमिनीवर ठेवलं, त्यावर डालगं पालथं घातलं आणि स्वतः डालग्यावर बसल्या. "लावा बँकेच्या सायबाला फोन. मशीन पायजे असंल तर म्हणावं येऊन न्या."

वन्सं म्हणजे माझी नणंद. नवरा गेल्यावर माहेरी आल्या त्या इथंच राहिल्या. त्यांची एक खोली, माझ्या दोन, मध्ये एकच भिंत. ती भिंत नसती तर आम्ही एकमेकींना केव्हाच मारून टाकलं असतं.

आमची वाडी वेल्ह्याच्या डोंगरात. बँक खाली तालुक्याला. आधी ओढ्यापर्यंत पायी, मग फाट्यापर्यंत टेम्पो मिळाला तर टेम्पो, मग एसटी आली तर एसटी. जाऊन यायला दिवस जातो, आणि तिथं गेल्यावर यंत्रणा बंद असते. म्हणून महिन्यातून एका मंगळवारी मोहिते मशीन घेऊन देवळात बसतात. वन्सं म्हणायच्या, "खालच्यांला बँक दिली, आमाला डबी दिली."

पण त्या डबीला अंगठा लागतो, आणि आमचे अंगठे भाताच्या चिखलात आणि चुलीच्या राखेत झिजलेले. ते वन्संच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. रस्त्यात कुणी भेटलं की राम राम नाही. "अंगठा सांभाळा!" बारशाला गेल्या, बाळाचा अंगठा बघितला आणि आईला म्हणाल्या, "लई छान रेषा हायेत. ह्याला कामाला लावू नका."

मंगळवारच्या आधीचे चार दिवस तर छळ असायचा. वन्सं दारोदार फिरायच्या, हात उन्हात धरून बघायच्या, लोणी चोळायच्या. आमच्यातल्याच पारूबाईंना त्यांनी नातवाचे मोजे हातात घालून गवत कापायला लावलं. विळा सटकून शेजारच्या बांधावर पडला, तरी मोजे काढू दिले नाहीत.

आणि भांडी. चार दिवस त्या सगळ्यांची भांडी उचलून न्यायच्या. प्रेमानं नाही. "ही कढई हाय का तवा, कळंना. घासायला कुनी शिकवलं न्हाई का तुमाला, वैनी? द्या हिकडं!" मी रागानं त्यांच्यापुढं फेकायची. मग भिंतीपलीकडून दिवसभर खरवड-खरवड. मी पारूबाईंना म्हणायची, ह्या बाईला दुसऱ्याच्या भांड्यांत तोंड घालायची खोडच आहे.

तर मोहित्यांनी फोन लावला. साहेब आधी हसले, मग चिडले, मग पोलिसांचं नाव काढलं. वन्संनी फोन हातात घेतला. "पोलीस आना की. पर त्येन्लाबी चढूनच यावं लागंल. संगतीनं या, वाट लई निसरडी हाय."

मोहिते म्हणाले, "आज्जी, माझी नोकरी जाईल."

"तुमच्यावर राग न्हाई. तुमी बसा, च्या घ्या."

आम्ही दहाजणी डालग्याभोवती बसलो. ज्या कोंबडीचं डालगं होतं ती आमच्याभोवती ओरडत फिरत राहिली.

चारच्या सुमाराला साहेब आले. बूट हातात, गुडघ्यापर्यंत चिखल. पोलीस नव्हते. दोन तांबे पाणी प्याले आणि म्हणाले, "तुम्ही ह्याच वाटेनं येता-जाता?"

"न्हाई, उडत जातो," वन्सं म्हणाल्या.

साहेब हसले नाहीत, पण खाली बसले. म्हणाले, "अंगठा येत नसेल तर माणूस डोळ्यांनी बघून मला सही करता येते. पण त्यासाठी माणसानं शाखेत यावं लागतं."

"मग आज शाखा आलीय की हितं."

साहेबांनी पिशवीतून कागद काढला. मग वन्संचा हात धरून अंगठा बघितला. नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत. "बाकी सगळ्यांचे येतात. तुमचाच असा कसा?"

वन्संनी हात पदराखाली ओढला. "भांडी घासून."

"एकट्या बाईची भांडी असतात किती?"

मी माझ्या अंगठ्याकडे बघितलं. रेषा होत्या. पारूबाईही स्वतःचा अंगठा बघत होत्या. मला रडू आलं नाही, राग आला. दहा घरांची भांडी घासायची आणि वर शिव्या देऊन घासायची, ही कुठली रीत?

साहेब कागद भरू लागले. "सोबत कोण राहतं?"

"कुनी न्हाई," वन्सं म्हणाल्या. "एकटीच हाय मी." हे त्यांनी इतकं हळू सांगितलं, की साहेबांनी पुन्हा विचारलं.

मी म्हणाले, "भावजय लिहा. मधी भिंत हाय, पर ती काय मोजू नका." साक्षीला सही मीच केली. चौथीपर्यंत शिकलेय, सही येते.

वन्सं डालग्यावरून उठल्या, मशीन काढून साहेबांच्या हातात दिलं. "घ्या. दिसभर उबवलं, पर अंडं काय दिलं न्हाई त्यानं."

इथं शाखा व्हावी म्हणून वर लिहितो, असं साहेब जाताना म्हणाले. अजून काही आलेलं नाही.

पुढच्या महिन्यातल्या मंगळवारच्या आधी वन्सं दारात उभ्या. "द्या ती कढई हिकडं. काळी ठिक्कर पडलीय."

"असू द्या काळी."

"वैनी, अंगठा जाईल!"

"जाऊ द्या. साहेब येतील चढून."

त्या दहाही दारांत जाऊन आल्या. कुणी एक वाटी दिली नाही. सगळ्या वाडीला शिव्या घालत त्यांनी दार लावून घेतलं. त्या दिवशी भिंतीपलीकडून काहीच आवाज नव्हता. बऱ्याच वेळानं भिंतीवर थाप पडली.

"वैनी, जेवलात का?"

"न्हाई. या हिकडं."

त्यांचा अंगठा अजूनही उमटत नाही. साहेबांच्या कागदाची प्रत मात्र माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे. त्यावर लिहिलंय : अनुसया, हयात. त्या मंगळवारी देवळात आम्ही अकराजणी होतो. आजही अकराच आहोत.