पुराव्याचा डबा

विम्याच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये! अठ्ठ्याण्णव साली इंदिरानगरात फ्लॅट घेतला आणि त्याच आठवड्यात घराचा विमा उतरवला. पाहुण्यांना मी आधी पॉलिसी दाखवायचो, मग घर. "आता काहीही होऊ दे, कंपनी भरेल!"

पुढच्याच मे महिन्यात स्वयंपाकघराच्या भिंतीवर बशीएवढी ओल आली. माझी बायको शुभांगी लगेच भिका प्लंबरला घेऊन आली. त्याने भिंतीला कान लावला.

"आतल्या पाइपाचा एल्बो गेलाय, साहेब. चार टाइला फोडतो, संध्याकाळपर्यंत मोकळं. तीनशे द्या."

"हात लावायचा नाही!" मी ओरडलो. "कंपनीचा सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत पुरावा जसाच्या तसा राहिला पाहिजे!"

"पाणी काय सर्व्हेअरसाठी थांबतंय का?" म्हणत भिकाने पिशवी उचलली.

"अहो, निदान कपाटातला डबा तरी काढते," शुभांगी म्हणाली.

त्याच भिंतीत कपाट होतं आणि कपाटात कुरडयांचा मोठा डबा. माझ्या सासूबाई, विठाबाई, पिंपळगावहून येऊन त्या करून गेल्या होत्या. सोऱ्या फिरवताना त्यांची बोटं वळत नव्हती. जाताना म्हणाल्या, "पोरी, पुरवून खा. पुढल्या साली हात चालायचे नाय आता."

"डबाही हलणार नाही!" मी म्हणालो. "सामानाची भरपाई वेगळी मिळते. नियम वाचलेत मी!"

पहिलं पान वाचलं होतं. उरलेली फार बारीक अक्षरात होती.

मी सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात. आमच्याकडे जे रजिस्टरात नाही, ते घडलंच नाही! तेव्हा घरीही रजिस्टर घातलं. सोमवार, सकाळी सात : ओल ताटाएवढी. मंगळवार : परातीएवढी. शुभांगी गुपचूप कॉक बंद करायची, मी जाऊन उघडायचो. सहाव्या दिवशी खालचे झुंबरशेठ छत गळतंय म्हणून तणतणत वर आले. मी त्यांची सही घेतली, साक्षीदार म्हणून!

नवव्या दिवशी सर्व्हेअर आले. मी रजिस्टर पुढे केलं. त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

"इतकी व्यवस्थित नोंद मी आजवर पाहिली नाही!"

मी ऐटीत शुभांगीकडे पाहिलं.

"कसं आहे साहेब, पाइप अचानक फुटला तर भरपाई मिळते. हळूहळू गळत असेल तर नाही. तुम्ही तर नऊ दिवसांचं गळणं तारीखवार लिहून, वर साक्षीदाराची सही घेतलीय. मला विचारायला काही उरलंच नाही!"

चहा प्यायले, रजिस्टरची झेरॉक्स मागितली आणि गेले.

मग भिकाने अख्खी भिंत फोडली. झुंबरशेठांच्या छतासकट अकरा हजार! पण ते जाऊ द्या. शुभांगीने डबा उघडला. तळाला पाणी, वर हिरवी बुरशी. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने एक कुरडई उचलली, तिचा हातातच लगदा झाला.

"आईच्या हातच्या होत्या हो," एवढंच म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक डबा तर उचलायचा होता!

पुढच्या एप्रिलमध्ये सासूबाई आल्या, पण खुर्चीत बसून राहिल्या. सोऱ्या मी धरला.

"हळू, जावईबापू! चीक हाय तो, लोखंड नाय!"

माझ्या कुरडया तेलात टाकल्या की फुलत नाहीत, नुसत्या तांबूस होऊन बसतात. दात सांभाळून खाव्या लागतात. तरी शुभांगीने त्या टाकल्या नाहीत. डबा भरून त्याच कपाटात, पार आत, पाइपाला टेकवून ठेवला.

"अगं, पुन्हा तिथेच?" मी घाबरून विचारलं.

"असू दे," ती म्हणाली, "या भिजल्या तरी चालतील!"