मणाचा अर्ज

कनेरगाव नाक्याचे दस्तगीरभाई कापसाचे मापाडी होते. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं, म्हणूनच लेकीच्या शब्दांची उजळणी घेण्याचं काम त्यांच्याकडे होतं. शरीफा कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला बसणार होती. उमेदवाराने सोप्या शब्दांचा मोह टाळावा, अशी परिपत्रकात सूचना होती.

त्या सोमवारी सकाळी अब्बा नेहमीसारखे डोळे मिटून ऐकत होते.

"छटाकभराचा हाय. दुसरा काढ."

शरीफाने सहा तुकड्यांत उच्चारावा लागणारा शब्द काढला.

"हा बराबर. मणाचा हाय."

तिने वहीआड हसू लपवलं.

मंगळवारी त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरला बाहेरगावी न्यायचं तर अर्ज इंग्रजीत हवा, असा हिंगोलीच्या दवाखान्याचा नियम होता. पंचक्रोशीत तसा अर्ज लिहिणारी एकटी शरीफाच. लोक म्हणाले, नशीब.

तिने एक ओळ लिहिली, पाहिली आणि फाडून टाकली. नवा कागद घेतला.

"भारी लिही, बेटा," खाटेवरून अब्बा म्हणाले. "हलका अर्ज कोण उचलंल?"

अर्ज दोन पानं भरला. गाडीवान संतराम तो घेऊन गेला आणि संध्याकाळी परतला.

"काहून एकटेच आले, काका?"

"कंपाउंडरला कळंना. त्यानं डॉक्टरम्होरं ठेवला. त्यायनं दोनदा वाचला अन् म्हनले, वर पाठवतो."

"तोंडानं सांगायचं ना."

"सांगितलं की. म्हनले, अर्ज आल्यावर तोंडी चालत न्हाई."

डॉक्टरसाहेबांनाही अर्थ लागला नव्हता. पण तसं कबूल करणं पदाला शोभलं नसतं. अर्ज अभिप्रायासाठी वरच्या कचेरीत गेला. अब्बा गुरुवारी गेले. परीक्षा शनिवारी, मयताच्या तिसऱ्या दिवशीच्या जियारतीलाच होती. शरीफा गेली नाही.

पंधरवड्याने अर्जावर शेरा पडला: 'भाषा उत्कृष्ट. कॉलेजकडे रवाना.' आजाराविषयी अभिप्राय नव्हता, कारण तो कुणी मागितला नव्हता. कॉलेजने तिला परीक्षेविना प्रवेश दिला.

पहिल्याच दिवशी प्राचार्यांनी नमुना म्हणून तिला तो अर्ज सभागृहात वाचायला लावला. ती वाचू लागली. पोरं भराभर शब्द उतरवून घेत होती. एकाने हात वर करून एक शब्द पुन्हा मागितला. पुढे रुग्णाचं काय झालं, ते कुणी विचारलं नाही. वाचकांनाही एव्हाना तो शब्द कोणता, हेच जाणून घ्यावंसं वाटत असेल.

शरीफाने कागद खाली ठेवला.

"पहिल्या चिठ्ठीत 'लवकर या' एवढंच होतं," ती म्हणाली. "तुमी भारी लिही म्हणायच्या आधीच मी ती फाडली, अब्बा. मला मिरवायचं होतं."